वसतिगृहातले रात्रीचे राज्य

इ.स. ५३३ मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनने कायद्याच्या शिक्षणाची घडी बसवणारा एक हुकूम आठ प्राध्यापकांच्या नावे काढला. कोणत्या वर्षी कोणता ग्रंथ शिकवायचा, याचाच बहुतेक तपशील त्यात आहे. पण दोन गोष्टी अशा येतात की आजच्या कोणत्याही प्राचार्यांनी थांबून वाचाव्यात. पहिल्या वर्षाच्या मुलांना तोवर ‘दोन दमडीचे’ अशा अर्थाच्या हिणकस नावाने ओळखले जाई. ते नाव सम्राटाने बंद केले आणि त्याऐवजी स्वतःचे नाव दिले. दुसरी गोष्ट म्हणजे कॉन्स्टँटिनोपल आणि बैरुत इथले विद्यार्थी नवागतांशी जे खेळ खेळत, त्यांतून गुन्हे घडतात, त्यांना खेळ म्हणताच येणार नाही, असे बजावून त्याने त्यांवर बंदी घातली. ही बंदी पाळली जाते की नाही हे पाहण्याचे काम राजधानीत नगराधिकाऱ्यावर टाकले आणि बैरुतमध्ये प्रांताधिकारी, बिशप व स्वतः प्राध्यापक यांच्यावर. नवख्या मुलांना शपथा घ्यायला लावण्याचे त्याच्या मनात आले नव्हते.

इतकी जुनी गोष्ट म्हणजे तो तारुण्याचा स्वभावच, असा निष्कर्ष यातून काढता येतो आणि पुष्कळदा काढलाही जातो. मला तो पटत नाही. जुन्या कागदांत ही प्रथा जिथे जिथे सापडते तिथे तिच्यामागे कोणाचा तरी फायदा उभा असतो, आणि तो फायदा बहुतेक वेळा वडीलधाऱ्यांचा असतो. चौथ्या शतकातले अथेन्स घ्या. तिथल्या वक्तृत्वाच्या पंडितांची कमाई शिष्यांच्या संख्येवर अवलंबून होती. गावात आलेल्या नव्या मुलाला जुने शिष्य गाठत आणि आपल्या गुरूच्या गोटात ओढून नेत. लिबानियस हा पुढे मोठा वक्ता झाला. त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की आपण एका गुरूचे नाव मनात धरून आलो, पण दुसऱ्याच्याच शिष्यांनी आपल्याला कोंडले आणि निष्ठेची शपथ घेतल्याशिवाय सोडले नाही. त्याच शहरात शिकलेल्या ग्रेगरी नाझियान्झसने नवख्याला मिरवत स्नानगृहाकडे नेण्याच्या विधीचे वर्णन केले आहे. दाराशी पोहोचले की आरडाओरडा करायचा, दारावर धडका मारून त्याला घाबरवायचे, मग आत न्यायचे. आत जाऊन आला की तो बरोबरीचा. ग्रेगरीचा मित्र बेसिल याला मात्र या प्रकारातून वगळले गेले, कारण ग्रेगरीने आधीच शब्द टाकून ठेवला होता. एका मित्राच्या शब्दाने जी गोष्ट टळते ती निसर्गाची ओढ कशी असेल? ती ठरवून चालवलेली व्यवस्था होती, आणि तिच्यामुळे गुरूची पाठशाळा भरत होती.

आपल्याकडच्या रॅगिंगची मुळे अथेन्समध्ये शोधायची गरज नाही. ती इंग्लंडच्या निवासी शाळांत सापडतात. ईटन, विंचेस्टर, रग्बी या शाळांत लहान मुलांनी मोठ्या मुलांची कामे करायची, बूट पुसायचे, न्याहारी करून द्यायची, निरोप पोहोचवायचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. शेकडो मुले आणि मोजके शिक्षक असा तो मामला होता. शाळेचे तास संपले की मुलांवर मुलांचेच राज्य. १८२८ ते १८४२ या काळात रग्बीचे मुख्याध्यापक असलेले टॉमस अर्नोल्ड हे इंग्रजी शिक्षणातले मोठे सुधारक मानले जातात. त्यांनी ही रीत मोडली नाही, उलट तिला नैतिक पाया देण्याचा प्रयत्न केला. त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता. आईबापांपासून दूर, रात्रंदिवस एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये कुठली तरी सत्ता तयार होणारच. ती आपण नेमून दिली नाही तर दांडगट मुले ती बळकावतील. तेव्हा सर्वांत वरच्या वर्गातल्या जबाबदार मुलांच्या हाती ती सोपवलेली बरी, असे त्यांनी १८३५ च्या एका लेखात मांडले. रॅगिंगच्या बाजूने पुढे जे काही बोलले गेले त्यात याहून बळकट काही मला आढळलेले नाही. पण त्यांच्याच शाळेत त्यांच्याच काळात शिकलेल्या आणि त्यांना देव मानणाऱ्या टॉमस ह्यूजने १८५७ मध्ये ‘टॉम ब्राऊन्स स्कूल डेज’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात एका लहान मुलाला शेकोटीसमोर धरून भाजण्याचा प्रसंग आहे. अर्नोल्डच्या चाहत्यानेच अर्नोल्डच्या व्यवस्थेत दांडगटांना पुरेशी जागा उरल्याची साक्ष दिली. १८६१ मध्ये नेमलेल्या क्लॅरेंडन आयोगाने अशा नऊ शाळांची तपासणी केली. १८६४ च्या अहवालात आयोगाने नोकरांची कामे मुलांकडून घेऊ नयेत असे सुचवले, पण प्रथा तशीच राहू दिली. ती बंद करायची तर संध्याकाळनंतर मुलांपाशी राहणारी पगारी माणसे नेमावी लागली असती.

हीच घडण भारतात आली. संस्थानिकांच्या मुलांसाठी १८७५ मध्ये अजमेरला मेयो कॉलेज निघाले आणि ईटनचा नमुना समोर ठेवूनच ते चालवले गेले. १९३५ मध्ये सुरू झालेल्या डून स्कूलचे पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट हे ईटनमध्ये शिकवून आले होते. लष्करी प्रशिक्षण संस्थांमध्ये वरच्या तुकडीने खालच्या तुकडीला ‘घडवायचे’ ही रीत तर उघडच होती. या मोजक्या संस्थांमधला दिमाख इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांच्या वसतिगृहांत उतरायला वेळ लागला नाही. मोठे विद्यार्थी आणि छोटे विद्यार्थी आपल्याकडे नवे नव्हते, हे इथे सांगायला हवे. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांना धुळपाटीवर अक्षरे गिरवायला शिकवीत. मद्रासमध्ये अशी पद्धत पाहूनच अँड्र्यू बेलने १७९७ मध्ये आपले पुस्तक छापले आणि विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याची पद्धत इंग्लंडात नेली. पंतोजींची शाळा म्हणजे काही नंदनवन नव्हते. तिथे छडी होती, ओणवे उभे करणे होते, आणि गावातल्या मोठ्या समाजाला तर तिचे दारच बंद होते. पण मारायचे तर पंतोजी मारत, आणि ते सर्वांच्या देखत. संध्याकाळी मुले घरी जात. मुलाला रात्रभर दुसऱ्या मुलाच्या ताब्यात देणे ही गोष्ट त्या शाळेत नव्हती.

मुले एकत्र राहिली की हे होणारच, असे म्हणणाऱ्यांनी साताऱ्याकडे पाहावे. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये तिथे वसतिगृह काढले आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एका छपराखाली, एका पंक्तीला, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून जेवत. त्या काळच्या महाराष्ट्रात याहून स्फोटक मिश्रण दुसरे सापडणे कठीण होते. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही विकले, ही हकिकत सर्वांना पाठ आहे. पण तिच्यातली एक साधी गोष्ट आपण नजरेआड करतो. ती माणसे मुलांच्यात राहत होती. भांडी कोणी घासायची, पाणी कोणी आणायचे, हे वयाने मोठ्या मुलाच्या लहरीवर सोडलेले नव्हते. श्रम सर्वांच्या वाट्याला होते आणि अंगणात एक जबाबदार वडीलमाणूस होते. अर्नोल्डच्या प्रश्नाला साताऱ्याने दिलेले हे उत्तर आहे. रग्बीपेक्षा ते आपल्याला कितीतरी जवळचे होते. स्वातंत्र्यानंतर कॉलेजे वाढली, वसतिगृहांच्या चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा मात्र आपण रग्बीचा नमुना घेतला. रेक्टर म्हणून एखाद्या प्राध्यापकाला नेमायचे, त्याचा बंगला आवाराच्या दुसऱ्या टोकाला, आणि रात्री दहानंतर जिन्यावर जे चालेल त्याला ‘मुलांची मजा’ म्हणायचे.

त्या मजेचे स्वरूप काय होते हे ज्यांनी हॉस्टेल पाहिले त्यांना ठाऊक आहे. नव्या मुलाने सीनियरच्या डोळ्यांत पाहायचे नाही, नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची. ‘इंट्रो’ दे म्हटले की नाव, गाव, मार्क, आडनाव, बापाचा धंदा, सगळे ओरडून सांगायचे, आणि आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न कोणता येणार हे आधीच माहीत असायचे. सीनियरची जर्नल पूर्ण करून द्यायची, आकृत्या काढायच्या, मेसमधून ताट आणायचे. रात्री दार वाजले की उठायचे. गच्चीवर बोलावले की जायचे. कपडे काढायला सांगितले तर काढायचे. त्या बदल्यात पुढे जुनी पुस्तके, नोट्स, परीक्षेतले महत्त्वाचे प्रश्न आणि बाहेरच्या मुलांपासून संरक्षण मिळे. रॅगिंगमुळे ओळख होते, लाज मोडते, आयुष्यभराचे मित्र मिळतात, असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. ज्यांना ते मिळाले ते सांगायला उरले आहेत. पण ओळख आणि नोट्स मिळण्यासाठी बटणाकडे पाहत उभे राहणे का आवश्यक असावे, याचे उत्तर या आठवणींत सापडत नाही. शिवाय पुढच्या वर्षी तोच मुलगा सीनियर होतो. सोसलेल्याची भरपाई त्याला वसूल करायची असते, म्हणून तोच प्रथेचा कट्टर राखणदार बनतो. आपल्या सिनेमानेही यात हातभार लावला. २००३ चा ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ आणि २००९ चा ‘थ्री इडियट्स’, दोन्हींत रॅगिंग हा हशा पिकवण्याचा प्रसंग आहे. यातला दुसरा चित्रपट ज्या वर्षाच्या शेवटी आला, त्याच वर्षाच्या मार्चमध्ये हिमाचलात एक मुलगा रॅगिंगच्या मारहाणीने मेला होता.

तिथे येण्याआधी १९९६ कडे जायला हवे. तमिळनाडूत चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठातल्या राजा मुथय्या मेडिकल कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाला असलेला पोन नावरसु नोव्हेंबरमध्ये बेपत्ता झाला. त्याचे वडील मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू होते. एका सीनियरने त्याला मारून शरीराचे तुकडे केल्याचे तपासात निघाले. धड चेन्नईतल्या एका बसमध्ये सापडले. कुलगुरूंचा मुलगासुद्धा सुरक्षित नाही, या जाणिवेने राज्य हादरले. त्या डिसेंबरातच अध्यादेश निघाला आणि १९९७ मध्ये तमिळनाडूचा रॅगिंगबंदी कायदा झाला. खटला मात्र पुढची १५ वर्षे रेंगाळला. सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने २००१ मध्ये सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा दोषी धरले. श्रीलंकेतही याच वाटेने कायदा आला. पेरादेनिया विद्यापीठात १९७५ मध्ये रूपा रत्नसीली या विद्यार्थिनीने छळातून सुटण्यासाठी वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरून उडी मारली आणि ती कायमची अपंग झाली. १९९७ मध्ये तिथेच एका विद्यार्थ्याचा व्यायामाच्या नावाखाली झालेल्या छळानंतर मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला. १९९८ मध्ये त्या देशाने कायदा केला. तिथल्या विद्यार्थी संघटनांकडून एक वेगळे समर्थन ऐकू येते. रॅगिंगमुळे इंग्रजी बोलणारा शहरी मुलगा आणि खेड्यातला मुलगा एका पातळीवर येतात, असे ते म्हणतात. आपल्याकडेही हॉस्टेलमध्ये सगळे सारखेच, असे म्हणणारे भेटतात. पण आडनाव ओरडून सांगायला लावणाऱ्या प्रथेत सर्वांचा अपमान सारखा होऊच शकत नाही. ज्याच्या मागे घर, पैसा, ओळख आहे तो काही दिवसांत सुटतो. ज्याच्या मागे कोणी नाही तो वर्षभर लटकतो.

महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. माझ्या मते तो भारतातल्या या विषयावरच्या कायद्यांत विशेष लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असे वर्तन, आणि तो एरवी स्वखुशीने करणार नाही असे काही त्याला करायला लावणे, या दोन्हींना त्याने रॅगिंग म्हटले. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड ठेवला. दोषी विद्यार्थ्याला काढून टाकायचे आणि पाच वर्षे कोठेही प्रवेश द्यायचा नाही असे ठरवले. खरे महत्त्वाचे त्यानंतर येते. लेखी तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसले तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. आणि प्रमुखाने यात हयगय केली तर त्यानेच गुन्ह्याला साथ दिली असे धरायचे. म्हणजे ज्याच्या आवारात हे राज्य चालते त्या माणसाच्या दारापर्यंत कायदा १९९९ मध्येच पोहोचला होता. २००१ मध्ये विश्व जागृती मिशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले. रॅगिंग रोखता आले नाही तर तो व्यवस्थापनाचा, प्राचार्यांचा आणि वसतिगृह सांभाळणाऱ्यांचा निष्काळजीपणा मानला जाईल, असा त्या मार्गदर्शक सूचनांचा स्पष्ट आशय होता.

८ मार्च २००९. हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्यात टांडा इथले डॉ. राजेंद्र प्रसाद मेडिकल कॉलेज. पहिल्या वर्षाचा अमन कचरू, वय १९, दारू प्यालेल्या सीनियरांनी केलेल्या मारहाणीनंतर मरण पावला. त्याआधी दोनच वर्षे सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या रॅगिंगविषयक समितीचा अहवाल सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारला होता. म्हणजे नियम नव्हते अशी स्थिती नव्हती. चार विद्यार्थ्यांना २०१० मध्ये प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. अमनचे वडील राजेंद्र कचरू यांनी पुढची वर्षे याच कामाला दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २००९ मध्ये नवे नियम काढले आणि चोवीस तासांची हेल्पलाइन सुरू झाली. या नियमांमुळे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या महिन्यात भर दुपारी कॅम्पसवर चालणारे तमाशे पुष्कळ ठिकाणी थांबले. नव्या मुलांना वेगळी वसतिगृहे मिळाली. घाबरलेल्या मुलाला नाव न सांगता फोन करायला एक नंबर मिळाला, आणि त्याने काही जीव वाचले असतील असे मी मानतो. पण या नियमांतली जी गोष्ट सर्वांत सुरळीत अमलात आली ती कोणती? प्रवेशाच्या वेळी आणि दरवर्षी विद्यार्थ्याने व पालकाने भरून द्यायचे प्रतिज्ञापत्र. मी रॅगिंग करणार नाही, माझा पाल्य करणार नाही, केल्यास शिक्षा मान्य आहे. संस्थेने घ्यायचा भार कागदावर सही करून घेऊन सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर आणि त्याच्या शेतकरी किंवा कारकून बापावर सरकला. रात्री त्या मजल्यावर कोण मोठे माणूस राहणार, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

मुंबईच्या नायर रुग्णालयातली घटना याच जागेवर बोट ठेवते. टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजमध्ये स्त्रीरोग विभागात एमडीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी वसतिगृहात आत्महत्या केली. त्या २६ वर्षांच्या होत्या. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल कुटुंबातल्या, मिरजेच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या. तीन वरिष्ठ निवासी डॉक्टरांना अटक झाली. आदिवासी असण्यावरून आणि राखीव जागेवरून टोमणे मारणे, रुग्णांदेखत अपमान करणे, शस्त्रक्रिया व बाळंतपणाच्या कामापासून दूर ठेवणे असे आरोप ठेवले गेले. आत्महत्येस प्रवृत्त करणे, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा अशी कलमे लागली. आरोप नाकारण्यात आले. वॉर्डातल्या कामाच्या ताणातून आणि कामातल्या चुकांवरून झालेली बोलणी होती, रॅगिंग नव्हे, असा बचाव झाला. तिघींच्या दोषाचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे, तो इथे करण्याचा अधिकार मला नाही. पण त्या बचावाकडे एक सामान्य आक्षेप म्हणून पाहिले पाहिजे, कारण वैद्यकीय क्षेत्रातली भली माणसेही तो मनापासून मांडतात. रुग्णाच्या जिवाशी गाठ असते, तिथे गोड बोलून चालत नाही, आम्हीही असेच शिकलो, असे ते म्हणतात. रुग्णाच्या बाबतीत चुकलेल्या ज्युनिअरला तिथल्या तिथे सुनावणे आवश्यक असेल, हे मला मान्य आहे. पण कामापासून दूर ठेवल्याने कोणी शिकत नाही. टाके घालायला न दिल्याने हात बसत नाही. शिस्तीचे समर्थन शिकवण्यावर उभे असते, आणि शिकवणेच रोखून धरले की त्या समर्थनाखालची जमीन सरकते.

निवासी डॉक्टरांच्या व्यवस्थेत ही सत्ता किती पूर्ण असते हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. विभागप्रमुख राउंडला येतात आणि जातात. ड्यूटीची यादी तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर लावतो. ओपीडीत कोण बसणार, ओटीत कोण उभे राहणार, रक्ताचे नमुने आणि फाइली घेऊन जिने कोण चढणार, जेवायला कोणी कधी जायचे, झोपायचे की नाही, हे सगळे एक-दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या माणसाच्या हातात. आणि तो स्वतःही झोपेविना असतो, त्यालाही वरून बोलणी बसलेली असतात. सार्वजनिक रुग्णालये या पहिल्या वर्षाच्या उपसाउपशीवर चालतात. तिथे सीनियरची दांडगाई ही व्यवस्थेतली बिघाडाची जागा नसून काम उरकून घेण्याचे साधन बनते, म्हणूनच वरचे लोक तिकडे काणाडोळा करतात. अथेन्सच्या पंडिताला शिष्य हवे होते, रग्बीला रखवाली हवी होती, आपल्या रुग्णालयाला हात हवे आहेत. त्यात जातीची जुनी उतरंड मिसळली की एकाच वेळी दोन शिड्यांच्या तळाशी असलेल्या मुलीची काय अवस्था होत असेल! विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत जात, धर्म, लिंग, भाषा, प्रदेश, रूप, आर्थिक स्थिती यांवरून केलेला छळ आणि वाळीत टाकणे स्पष्टपणे घातले होते. ही व्याख्या नायरच्या घटनेच्या तीन वर्षे आधीची आहे. पायलचा त्रास आपण विभागाच्या कानावर घातला होता, असे कुटुंबाचे म्हणणे आहे. १९९९ च्या कायद्यातल्या सात दिवसांचा हेतू नेमका अशा वेळेसाठी होता.

शेवटचा आक्षेप सर्वांत क्रूर आणि सर्वांत लोकप्रिय आहे. मुले नाजूक झाली आहेत, पूर्वी आम्ही सहन केले, आता कोणी काही बोलले की टोकाला जातात. ही घटनांशीच प्रतारणा आहे. नावरसुने आत्महत्या केली नाही, त्याला मारले. अमनलाही मारहाणीनेच मरण आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातमध्ये पाटणजवळ धारपूरच्या मेडिकल कॉलेजात १८ वर्षांच्या मुलाला सीनियरांनी ओळखपरेडीसाठी सुमारे तीन तास उभे ठेवले. तो कोसळला आणि मेला. कुठले हत्यार नाही, फटका नाही, फक्त उभे राहा म्हणून हुकूम, आणि तो मोडायची हिंमत एकाही नव्या मुलाला झाली नाही. १५ सीनियरांवर गुन्हा दाखल झाला. मन कणखर असते तर हा मुलगा वाचला असता का? ज्यांनी स्वतःचा जीव घेतला त्यांच्याबाबतही दुबळेपणाचा निकाल देणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडावा. शिक्षण, कुटुंबाची आशा, राहण्याची खोली, जेवण, परीक्षेचे गुण आणि भविष्यातली शिफारस, हे सगळे ज्यांच्या मर्जीवर आहे त्यांनीच तुम्हाला नको ठरवले, आणि कॉलेज सोडून घरी जायचे तर गावात पहिली डॉक्टर झालेल्या मुलीने काय तोंड दाखवायचे? सहन केले असे सांगणाऱ्या पिढीत किती जण मधूनच कॉलेज सोडून गेले, याची नोंद कोणीही ठेवली नाही. न ठेवलेल्या नोंदीतून कणखरपणा सिद्ध होत नाही.

गेल्या काही वर्षांतल्या दोन प्रकरणांत हे राज्य अगदी उघडे पडले. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्या वर्षाचा १७ वर्षांचा मुलगा मुख्य वसतिगृहाच्या बाल्कनीतून पडून मेला. अटक झालेल्यांत असेही होते ज्यांचे शिक्षण संपले होते, तरी ते वसतिगृहातच राहत होते. विद्यापीठाच्या नोंदीत नसलेली माणसे विद्यापीठाच्या इमारतीवर राज्य करत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये केरळात वायनाडच्या पूकोड इथल्या पशुवैद्यक कॉलेजात दुसऱ्या वर्षाचा सिद्धार्थन वसतिगृहात मृत सापडला. त्याआधी त्याला इतर मुलांच्या देखत मारहाण झाली होती, असे तपासातून पुढे आले. शंभरावर मुले राहतात त्या इमारतीत मारहाण चालते आणि ते कोणा शिक्षकाला कळत नाही, यावर विश्वास ठेवायचा तर तिथे रात्री शिक्षकच नसतो असे मानावे लागेल. दोन्हीपैकी कोणतेही खरे असले तरी प्रश्न मुलांच्या संस्कारांपाशी थांबत नाही. पोरांचे समुपदेशन करा, पथनाट्ये करा, भिंतीवर फलक लावा, या सूचना वाईट नाहीत. पण खोलीबाहेर पडलेल्या मुलाने रात्री एक वाजता ज्याचे दार वाजवावे असे माणूस त्याच मजल्यावर हवे. शिक्षण संपलेल्याने महिन्याभरात खोली सोडली पाहिजे. निवासी डॉक्टरांची ड्यूटी शिक्षकाच्या सहीने लागली पाहिजे आणि कोणाला किती शस्त्रक्रियांत उभे राहायला मिळाले याची वही विभागप्रमुखाने दर महिन्याला तपासली पाहिजे. हे खर्चाचे आणि कष्टाचे आहे. म्हणूनच एवढी वर्षे प्रतिज्ञापत्रे भरून घेण्यावर भागवले गेले.

२०१९ मध्ये पायलच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आई राधिका वेमुला या दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्या याचिकेत कोणा विद्यार्थ्याला शिक्षा मागितलेली नाही. उच्च शिक्षण संस्थांमधला भेदभाव रोखण्यासाठी आयोगानेच २०१२ मध्ये केलेले नियम प्रत्यक्षात आणा, तक्रार ऐकणारी यंत्रणा प्रत्येक संस्थेत खरोखर उभी करा, असे त्यांनी मागितले. प्रतिवादी म्हणून त्यांनी नावे घातली ती केंद्र सरकारची आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची.